नानांची चतुर्थीची गोळी

फ्रीगंज बाजारातल्या औषधांच्या दुकानात, भर गर्दीत नाना खणखणीत आवाजात सांगायचे, "भैया, वो प्रोस्टेट वाली गोली देना!" शेजारची बाई चपापून बाजूला सरकायची आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. नाना मात्र शांत. "सूनबाई, मोतीबिंदू सांगताना कोणी लाजतं का? हा पण एक अवयवच. वय झालं, वाढला. त्यात माझी काय गलती?"

नाना माधव नगरातले आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले. गल्लीतल्या सगळ्याच सुना त्यांच्या सूनबाई. गुरुवारच्या भजनात त्यांचा आवाज लागला की रस्त्यावरची माणसं थबकायची. पण ही गोळी सुरू व्हायच्या आधी तेच भजन सुटलं होतं. अभंग अर्ध्यावर टाकून सारखं लघवीला उठावं लागायचं. एका गुरुवारी मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. नानांनी टाळ खाली ठेवले ते ठेवलेच. घरात गुणगुणणंसुद्धा बंद. काकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे येऊन रडल्या. मग आम्ही दोघींनी त्यांना डॉक्टरांकडे अक्षरशः ओढत नेलं.

तपासण्या झाल्या, दोन औषधं मिळाली. एकाने लघवीची वाट सैल होते, फरक लवकर पडतो. दुसऱ्याने ग्रंथी हळूहळू लहान होते, त्याला महिनेच्या महिने लागतात. नानांनी काकूंना समजावलं, "एक गोळी गेट उघडणार, दुसरी भिंत पाडणार. भिंतीचं सरकारी काम आहे, टाइम लगेगा."

गेट खरंच उघडलं. नाना पुन्हा गुरुवारच्या भजनाला जायची भाषा बोलू लागले, आणि आली संकष्टी. नानांची चतुर्थी कडक. दिवसभर नुसता चहा, जेवण चंद्र दिसल्यावर. गेटवाली गोळी रोज रात्री जेवल्यावर घ्यायची होती. पण बँकेचा माणूस, आठ म्हणजे आठ! पोटात अन्नाचा कण नाही, चंद्राचा पत्ता नाही, आणि यांनी गोळी गिळली. चंद्र उगवल्यावर आरतीचं तबक घेऊन झटकन उठले आणि तबकासकट खाली बसले.

काकूंची किंकाळी ऐकून मी धावले. नाना पांढरेफटक, तरी म्हणतात, "सूनबाई, आज चंद्र दोन उगवलेत." काकूंना कसलं हसू येतंय! "अहो, त्या गोळ्या आधी फेका! चुलीत गेलं ते भजन, माणूस राहू दे." नाना खाली बघत पुटपुटले, "हो, बंदच करू. गायलो की खूप." मला इतकं वाईट वाटलं ना, की मी चक्क ओरडले, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि हसले. "नानाजी, ये गोली बीपी थोड़ा गिराती है. दिनभर भूखे, खाली पेट गोली, ऊपर से झटके से उठे. चक्कर तो आएगा ही. उपास हो तो खाने के बाद लीजिए, और आराम से उठिए." नानांचा चेहरा खुलला. "म्हणजे गोळी निर्दोष आहे, घड्याळ बघणारा गाढव आहे!" काकूंनी लगेच मान डोलावली.

नाना आता मुलाकडे इंदूरला राहायला गेलेत, पण माझ्या डोळ्यांसमोर त्यानंतरचा गुरुवार आहे. भजन सुरू होण्याआधी ते सावकाश उभे राहिले. "मंडळी, मला प्रोस्टेट आहे. औषध चालू आहे, तरी मधेच उठावं लागेल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर माझा सूर बिघडतो."

कोणी हसलं नाही. दुसऱ्या अभंगाला पेटीवाले काका हळूच म्हणाले, "नाना, बुरा मत मानना, जरा जाऊन येतो." त्यांच्या मागोमाग तबलजी उठले. मग टाळकऱ्यांची अख्खी रांग. इतकी वर्षं सगळे दम धरून बसलेले! बाथरूमबाहेर लाइन लागली आणि रिकाम्या सतरंजीवर एकटे नाना, डोळे मिटून, गळा मोकळा सोडून गात होते.