जामाच्या झाडाचा दाखला

पेरूच्या फांदीच्या आत राहून झाडाला वाढायला मदत करणारे जंतू मी शोधत होते. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. चामोर्शीजवळच्या एका गावातल्या बाईंनी परसातल्या झाडाची फांदी मोठ्या हौसेने तोडून दिली होती. चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत मी ती आधी स्पिरिटने, मग ब्लीचने धुतली, वरचं सगळं मारून टाकलं आणि आतल्या गाभ्याचे तुकडे काचेच्या बशीत ठेवले. दोन दिवसांनी तुकड्यांभोवती साईसारखे ठिपके उमटले. आनंदाच्या भरात मी बाईंना फोटो पाठवला, ‘तुमच्या झाडातून निघाले!’

बाईंनी तो गावभर दाखवला. आठवड्याभरात त्यांचा फोन आला. “मॅडम, माह्या झाडाले रोग लागला म्हून राह्यले सारे. बाजारात जामाले कोनी हात लावून नाई राह्यलं.”

मी बशी चिकटपट्टीने बंद करून गावात नेली. झाडाखाली दहा-पंधरा जण जमले. हे जंतू चांगले आहेत, झाडाच्या कामाचे आहेत, असं मी समजावलं.

“चांगले हायत, त कोंडून काऊन ठेवले?” एका म्हाताऱ्या भाऊंनी विचारलं.

मी बशी पिशवीत ठेवून दिली.

शेवटी ठरलं, मॅडमनी लेखी द्यावं. शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, “झाडात जंतू नाहीत, असं लिहा.” ते खोटं होईल, मी म्हटलं; झाड जंतूंनी भरलेलं आहे. बरीच घासाघीस झाली. मग सरांना शाळेच्या दाखल्यातली ओळ आठवली आणि मी सही केली : ‘सदर झाडात राहणाऱ्या जंतूंची वर्तणूक चांगली आहे.’ प्रयोगशाळेत मी केलेल्या चाचण्यांपुरतं ते खरंच होतं. फक्त ते जंतू कोण, हे मलाही अजून ठाऊक नव्हतं.

पुढच्या बाजारात बाईंनी तो कागद टोपलीला टाचला. दुपारपर्यंत टोपली रिकामी. शेजारच्या लिंबूवाल्याने मला फोन करून विचारलं, “माह्या बी झाडात टाकता का थोडेसे जंतू?”

महिन्याभराने जनुकं तपासून ओळख पटली. बॅसिलस, मातीत कुठेही सापडणारा. मी बाईंना कळवलं.

“बॅसिलस,” त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. “आपल्या इकडचं नाव नाई वाटत. कधीपासून राहून राह्यला तो इथी?”

“तुम्ही झाड लावलं, तेव्हापासून असेल.”

“अस्सं? त मंग गावचाच झाला.”