खांबावरची तीन नावं

अजूनही कुणी एखाद्या खेळाडूबद्दल "त्याच्या रक्तातच आहे हो" असं म्हटलं, की माझं डोकं सणकतं. घरातले हसतात. हसू देत. त्यांनी ती नागपंचमी पाहिलेली नाही.

होळकरांचं राज्य जाऊन मध्यभारत झालं होतं. मी विशीच्या आतबाहेर. मल्हारगंजातल्या आमच्या तालमीत मात्र राज्य वस्तादांचंच होतं. कुस्ती नावाला, खरा खेळ मल्लखांब. येणारी पोरं बहुतेक आमच्यासारखी, आजे-पणजे होळकरांच्या फौजेत नाहीतर कचेरीत असलेली, आणि त्याचा आम्हाला कोण ताठा! तालमीची एक रीत होती. नागपंचमीला खांबाची पूजा झाली की त्या दिवशीचा पहिला हात, म्हणजे पहिली चढाई, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची. त्यानं खांबाला हात लावून मोठ्यानं तीन नावं घ्यायची, स्वतःचं, बापाचं, आज्याचं, आणि मग चढायचं. पहिला हात मिळालेल्याला वस्ताद पुढे वर्षभर स्वतः जवळ उभे राहून शिकवायचे.

आणि महूहून सकाळच्या गाडीनं तो यायचा. आई मराठी, छावणीतल्या दवाखान्यात नर्स. बाप इंग्रज सार्जंट, तो देश सोडून गेला तो गेलाच. निळे डोळे, भुरे केस, तेही बारीक कापलेले, आणि मराठी माझ्यापेक्षा चोख. पोरं त्याला "साहेब" म्हणून चिडवायची. तालीम सगळ्यांना उघडी, म्हणून वस्तादांनी त्याला हाकललं नाही. पण शिकवलंही नाही. पहिल्याच दिवशी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हा हॉकी खेळेल. खांब याच्या रक्तात नाही." झालं, विषय संपला. त्यानंतर त्याची पाळी आली की वस्ताद दुसरीकडे तोंड करून विडी ओढायचे.

तालमीची किल्ली माझ्याकडे असायची. सगळे गेले की तास-दीड तास मी त्याला शिकवायचो. वस्तादांना न विचारता खांबाला हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणून चोरून. का शिकवत होतो म्हणाल, तर खरं सांगतो, सुरुवातीला निव्वळ मजा म्हणून. इतका वाईट पडणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता! एरंडेल लावलेल्या खांबावरून धपकन खाली, उठला की पुन्हा धपकन. मांड्या सोलून निघायच्या. एकदा हात मोडला, मला वाटलं, चला, सुटलो. महिन्याभरात हात गळ्यात अडकवून हजर. म्हणतो कसा, "पकड तर पायांनीच धरायची ना भिया?" मी कपाळावर हात मारला.

एकदा मी त्याला विचारलं, "एवढा जीव का काढतोस रे?" तो मांडीला हळद लावत होता. म्हणाला, "वस्तादांनी एकदा जवळ उभं राहून शिकवावं, बस्स. मेहनत बघून शिकवावं. दुसरं काही नको." तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी तरी कुठला मोठा शिक्षक! मला एक खोड होती. चढायच्या आधी मान डावीकडे झटकायची. माझे केस डोळ्यांवर यायचे, त्यातून लागलेली सवय. त्यावरून वस्तादांनी माझ्या पाठीत किती धपाटे घातले असतील! माझं बघून बघून तोही तशीच मान झटकायला लागला, डोळ्यांवर यायला एक केस नसताना. मी पोट धरून हसलो होतो. खेळाबरोबर खोडही घेतली गड्यानं.

तिसऱ्या वर्षी त्याच्या जवळ येईल असा तालमीत कुणी उरला नाही. मीसुद्धा नाही. आणि लोकांची जीभ बघा, लगेच फिरली. "अरे, गोऱ्याचं रक्त आहे. हाडं लांब, अंगातच ताकद. त्याला काय मेहनत लागते!" तो हे ऐकायचा आणि ओठ चावायचा.

वस्ताद खेळाच्या बाबतीत मात्र खोटं बोलायचे नाहीत. नागपंचमीला पूजा झाली, लाह्या-दूध झालं, आणि त्यांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "पहिला हात याचा." तो पुढे आला. खांबाला हात लावला. स्वतःचं नाव घेतलं आणि थांबला.

मागून कुणीतरी खिदळलं, "बापाचं घे की साहेब! इंग्रजीत घे!"

वस्ताद म्हणाले, "तीन नावं घेता येत नसतील तर बाजूला हो. रीत म्हणजे रीत."

त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं आईचं नाव घेतलं. मग आईच्या वडिलांचं. अख्खं, आडनावासकट. ते नाव वस्तादांचं होतं.

वस्तादांना एकच मुलगी होती हे सगळ्या मल्हारगंजाला ठाऊक होतं. ती गोऱ्या शिपायाबरोबर निघून गेली आणि वस्तादांनी तिच्या नावानं आंघोळ केली, हेही. पण तिचा मुलगा तीन वर्षं माझ्याकडून धडे घेत होता आणि मला पत्ता नव्हता! वस्तादांच्या हातातला तांब्या खाली पडला. कुणी उचलला नाही. ते कसंबसं म्हणाले, "चढ."

त्यानं मान झटकली आणि चढला. थेट वरच्या बोंडापर्यंत. तसा खेळ मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

तो उतरला तसं वस्तादांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. रडत होते. "तरीच! तरीच म्हटलं! माझं रक्त आहे हे! रक्त लपतं होय?" आणि कालपर्यंत गोऱ्याचं रक्त म्हणणारे तेच सगळे माना डोलवायला लागले. तरीच, तरीच!

त्यानं वस्तादांचे हात बाजूला केले. "तीन वर्षं तुमच्यासमोर पडत होतो, तेव्हा कुठे होतं हे रक्त?" मग माझ्याकडे वळला. "तू सांग ना भिया यांना. कोणी शिकवलं? किती पडलो, सांग ना!"

सगळे माझ्याकडे बघत होते. वस्तादही. चोरून खांबाला हात लावला हे कळलं तर तालमीतून कायमचा बाहेर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी खाली मातीकडे बघत राहिलो. लाज वाटते सांगायला, पण माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

त्यानं तेलकट अंगावरच सदरा चढवला आणि निघून गेला. वर्षभर जवळ उभं राहून शिकवणारे वस्ताद आता त्याला मिळणार होते, तरी तो परत आला नाही. वस्ताद दोनदा महूला जाऊन आले. दार उघडलं नाही म्हणे.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर वस्ताद माझ्याजवळ येऊन मातीतच बसले. डोळे अजून ओले. "बघितलंस? चढायच्या आधी मान कशी झटकली! अगदी माझा बाप झटकायचा तशी. असलं शिकवून येतं का रे?"

मी म्हणालो, "नाही वस्ताद."