डोळ्याची बंदी

रोज सकाळी चहाच्या आधी हरेश्वर तांडेल मागीलदारच्या बांधावर जाऊन उभा राही, उजव्या डोळ्यावर तळवा दाबी आणि डाव्याने समुद्रातल्या खांदेरीच्या बत्तीकडे बघे. थळच्या किनाऱ्यावरून तो दीपस्तंभ पांढऱ्या काडीएवढा दिसतो. जरा वेळ बघून म्हातारा म्हणे, "सरळ हाय." आणि थुंके, जणू बत्तीची लायकी तेवढीच.

उजवा डोळा केव्हाच गेला होता. आतल्या पडद्यात नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरत होत्या आणि म्हातारा मोतीबिंदू समजून तो पिकायची वाट बघत बसला. डाव्यालाही बत्ती वाकडी दिसू लागली, तेव्हा त्याने आधी सरकारला शिव्या दिल्या. शेवटी सून, विनिता, त्याला मांडव्याच्या लाँचने मुंबईला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाझर थांबवायचं औषध डोळ्यातच टोचावं लागेल, दर महिन्याला. रेघा वाकड्या दिसतात का हे घरी तपासायला त्यांनी चौकटींचा एक कागद दिला. म्हाताऱ्याने त्यात सुका जवळा बांधला.

"कागद घरकोंबड्यांना. मला बत्ती हाय."

तुच्छता हा त्याचा जुना धंदा. होडी विकल्यावर तेवढाच उरला होता. होडी हाकणारे हल्लीचे तांडेल म्हणजे मोबाईलमध्ये मासळी हुडकणारे. मुलगा विनेश नागावला पर्यटकांना पाण्यावर फिरवी. त्याच्याबद्दल कुणी विचारलं, की म्हातारा सांगे, "माजा पोरगा रबरी केळ्यावर मुंबईकर बसवून वढतो. बापानं दर्या मारला, ह्यानं केळं." डॉक्टरीणबाईंना तर तो तोंडावर म्हणाला होता, "तुमच्यापेक्षा माजी जाळी जुनी हायत." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग जाळ्याला भोक पडलं की किती दिवस थांबता?"

लाँचमध्ये खिडकी त्याचीच. उभ्या वाटेत तो सुकाणूवरच्या माणसाची लाज काढी. इस्पितळात डोळा बधिर करत, धुऊन काढत, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवत आणि क्षणात सुई आत-बाहेर होई. गावात मात्र तिची दाभण झाली. शेजारचा बाळाजी आपणहून सल्ला द्यायला आला, "सुई कशाला? मध घाल."

"तुज्या अकलेत घाल," विनिता म्हणाली. सासऱ्याची एक गोष्ट तिने मनापासून उचलली होती ती हीच.

सुया चालू झाल्या आणि बत्ती हळूहळू सरळ झाली. तिथेच घोळ झाला. मे सरला, मांडव्याची लाँच पावसाळ्यापुरती बंद झाली, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या गेल्या, मासेमारीची बंदी लागली. एका सकाळी म्हाताऱ्याने जाहीर केलं, की आता डोळ्यालाही बंदी.

"म्हणजे?" विनिताने विचारलं.

"बंदीत दर्याला हात लावत नाय, म्हणून मासळी वाढते. डोळ्याला आराम दे. नारळी पुनवेला बघ, नजर दुप्पट."

"बाबा, नजर काय अंडी घालते?"

"तू मला दर्या शिकवतेस गो?"

"रोरो बोट चालू हाय. त्यानं जाऊ."

"त्यात गाड्या चढवतात. मी काय टेम्पो हाय?"

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी बजावलं, की दिसतंय म्हणून थांबू नका, सुई चालू आहे म्हणून दिसतंय. विनिताने ते शब्दाला शब्द सांगितलं. विनेशने टीव्हीवरून मान न वळवता म्हटलं, "बाबांना पटत नाय तर ऱ्हाऊ दे." त्याचं केळं पावसाळ्यात घडी घालून ठेवलेलं असे. विनिताला वाटलं, नवऱ्यालाही तसंच ठेवता यायला हवं.

पाऊस लागला. म्हातारा डोक्यावर गोणपाट घेऊन बांधावर जाई, तळवा दाबी आणि म्हणे, "सरळ हाय." एकदा विनिता त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. समोर खांदेरी नव्हती, क्षितिज नव्हतं. पावसाचा करडा पडदा होता, दुसरं काही नाही. त्या पडद्याला तो सरळ म्हणत होता. तिला त्याची इतकी चीड आली, की ती तडक आत गेली.

नारळी पुनवेला आभाळ उघडलं. होड्यांना पताका लागल्या. म्हातारा नवी टोपी घालून बांधावर गेला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"बत्ती पाडली काय गो?"

"जागेवर हाय."

"मग मधी काळं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी तो रोरोत चढला, टेम्पोच्या शेजारून, मान खाली घालून. डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध रक्त साकळून वण धरला होता. मधलं परत येणार नाही, आजूबाजूचं सुयांनी राखता आलं तर बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावायचं काम विनिताने परतीच्या सगळ्या वाटेवर केलं.

त्यानंतर त्याने सुईची एकही खेप चुकवली नाही. आता त्याला कडेनेच दिसे, म्हणून माणसाकडे बघायचं तर तो मान फिरवून तिरका बघे. गावाला वाटलं, म्हातारा आणखी माजला. विनिताने कुणाला काही समजावलं नाही. जन्मभर ज्या नजरेने त्याने माणसं मोजली, ती आता खरीच तिरकी झाली होती, एवढंच. सकाळी मात्र तो बांधावरून हाक मारी, "बघ गो, सरळ हाय?" आणि ती चुलीपाशी बसूनच, न बघता सांगे, "हाय." त्यालाही ते कळत असे.

हिवाळ्यात एका खेपेच्या आदल्या रात्री तो झोपला तो उठलाच नाही. हृदय थांबलं होतं. बाळाजीने अर्थातच सुईला दोष दिला, आणि गाव त्याच्याएवढंच शहाणं असल्यामुळे गावाला ते पटलं.

त्या रात्री निजण्याआधी त्याने विनिताला हाक मारली होती. सकाळची लाँच किती वाजता, ते विचारलं. मग कूस वळवत म्हणाला,

"उद्या खिडकीशी तू बस गो. त्या सुकाणूवाल्याला बघायला माजी मान दुखते."