नागोठण्याची दहा मिनिटं

दामू म्हात्रे गेला त्या सकाळी मी रोह्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडत होतो. त्याच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले." मी नुसतं "बरं" म्हणालो. बरं! ज्याच्याबरोबर अठरा वर्षं पेण–रोहा एसटीवर काढली, तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, त्याच्या मरणाला माझ्या तोंडून निघालेला शब्द हा. दीड महिना झाला, अजून त्याची लाज वाटते. पण लाजेचंच काढायचं तर ते प्रकरण बरंच जुनं आहे, आणि तेच लिहायला बसलोय.

दामू पेणच्या खाडीकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. आवाज असा की गाडीला हॉर्न नसला तरी चालावं. मला "मास्तर" म्हणायचा. सगळेच ड्रायव्हर कंडक्टरला म्हणतात, पण हा म्हणायचा तेव्हा त्यात हमखास टोमणा असायचा. टपावर सामान चढवायचे ते दिवस. एकदा वडखळला पोह्यांची पोती उतरवायची होती. ते काम माझं, पण मला ताप होता. "बस तू, मास्तर, उगाच मरशील," म्हणत तोच मागच्या शिडीवरून वर गेला. उतरताना पाय घसरला आणि शिडीच्या दांडीवर दोन्हीकडे पाय टाकून असा आदळला की बघणाऱ्यांनी डोळे मिटले. उठला, मला एक शिवी हासडली, हसला, आणि गाडी रोह्याला आणली. संध्याकाळी लघवीतून रक्त गेलं. दवाखान्यात नळी घातली, काही दिवसांनी काढली. आम्हाला वाटलं, सुटलो.

चारेक महिन्यांनी त्याला मुतारीत वेळ लागायला लागला. आधी पाच मिनिटं, मग दहा. धार दोऱ्याएवढी, तीही मध्येच थांबणारी, असं त्यानेच एकदा वैतागून सांगितलं. नागोठण्याला गाडी लागली की तो उतरून स्टँडामागे जायचा आणि इकडे पॅसेंजर माझ्या जिवावर उठायचे. मी कधी म्हणायचो इंजिन तापलंय, कधी म्हणायचो कंट्रोलरची सही राहिलीय. एक म्हातारी रोज विचारायची, "कवा सुटंल रं गाडी?" मी खेकसायचो, "आजी, घाई असेल तर चालत जा." थापा मारण्यात मी इतका तरबेज झालो की मला त्याचा अभिमानच वाटायला लागला. दोस्ती म्हणजे हेच, अशी माझी समजूत.

मग एका डॉक्टरकडे गेलो. समोर कंपाउंडर, बाकावर दोन बायका, आणि त्या गृहस्थांनी खणखणीत आवाजात विचारलं, "बाहेर कुठे बायांकडे जात होता का?" दामूचा चेहरा उतरला. शिडीचं सांगायला त्याचं तोंड उघडेना. आणि दिवसभर तोंड चालवणारा मी, मीही गप्प! त्या दिवशी त्याने ठरवलं, हे कुणाला कळता कामा नये, घरी तर नाहीच. "बायकोला काय वाटंल रे, मास्तर?" डॉक्टर आत सळई घालून लघवीची वाट मोठी करायचे. हा ओठ चावत बाहेर यायचा. दोन महिने बरे जायचे, मग परत तेच. परत सळई, मागून थंडी वाजून ताप, आणि ताप उतरला की ड्युटी. अशी वर्षं गेली.

एकदा मी भांडून त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर शांत होता. त्याने दार लावलं, शिडीचं सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर काढून दाखवलं. मार बसला तिथे आत वण धरलाय. वण आकसतो, तशी लघवीची वाट आवळते. सळईने तो फाटतो, पण भरताना पुन्हा वणच येतो, कधी आधीपेक्षा लांब. खराब भाग कापून चांगली टोकं जोडता येतात, लांबी जास्त असेल तर गालाच्या आतलं अस्तर लावतात. बहुतेकांना चांगला गुण येतो. "पण उशीर करू नका, मागे तुंबतंय, मूत्रपिंडांवर ताण येतोय." मला सगळं स्वच्छ कळलं. दामूलाही कळलं. परत येताना म्हणाला, "दोन-तीन महिने घरी बसायचं म्हंजे डेपोत कारण सांगाय लागंल. सगळ्यांच्या तोंडी होईल. स्टेअरिंगपण जायचं. नाय रे. तू हायेस ना? थांबव दहा मिनिटं." मी म्हणालो, "हाय ना." नाही म्हणायला हवं होतं. त्याच्या दारात उभं राहून बोंब मारायला हवी होती. मी दुसऱ्या दिवशी नागोठण्याला इंजिन तापवलं.

उन्हाळ्यात तो पाणीच प्यायचा नाही, उतरावं लागू नये म्हणून. रिटायर झाला आणि वर्षभरात पाय सुजले, तोंड सुजलं, अन्न नको झालं. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिस. शेवटचा भेटलो तेव्हा त्या आवाजाचं काही उरलं नव्हतं. छताकडे बघत म्हणाला, "मास्तर, तवा केलं असतं तर?" मी म्हणालो, "काय सांगता येतं? नसता आला गुण." त्याने मान हलवली. माझी ही शेवटची थाप. यावर त्याने विश्वास ठेवला की नाही, देव जाणे.

बाराव्याला गेलो तो ठरवून, की सुमनवहिनींना सगळं सांगायचं. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "वहिनी, दामूचं मला पहिल्यापासून माहीत होतं," एवढंच बोललो.

"मलापण व्हतं, भावोजी," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "नळ सोडून मोरीत उभे ऱ्हायचे. बादली भरून व्हायची तरी भायेर येत नव्हते. इचारलं असतं तर शरमले असते. मी म्हटलं, भावोजी संगती हायेत, पुरुष मानूस, ते काय तरी करतील."

आणि मी समजत होतो, घरात बायको आहे, आज ना उद्या तिच्या लक्षात येईल, तीच त्याला धरून नेईल. हात धुवायचं निमित्त करून मोरीत गेलो. समोरच्या भिंतीवर, चुन्यावर, खांद्याच्या उंचीला काळपट डाग. पाच बोटं स्पष्ट दिसत होती. तिथे हात टेकून तो उभा राहायचा, रोज, कितीतरी वेळ.

मागून वहिनींचा आवाज आला, "दर दिवाळीला चुना मारायची मी त्याच्यावर. त्यांना कळू नये मला कळलंय म्हनून."

मी नळ सोडला. बादली भरली, वाहायला लागली, तरी मला बाहेर येता येईना.