पडद्यावरच्या पावण्याला गाव विचारलं का?

वाचक मंडळी, राम राम! आळे गावच्या आक्का, गुडघा कसा आहे? डिंभे गावचे भाऊ, खोकला थांबला का?

आज सकाळी कॉम्प्युटरवर मेंढ्यांच्या औषधाचं वाचत होतो. एकदम पाटी आली, ‘लगेच अपडेट करा, नाहीतर सगळं पुसलं जाईल.’ भावकीची वंशावळ त्यातच आहे, अन् ती सांगणारी तीन म्हातारी माणसं आता नाहीत.

बटण दाबणार, तोच कारभारीण म्हणाली, "अवो, दारात कुणी आलं की आधी गाव इचारता. ह्याला इचारलं का?"

पाटी बंद केली. सेटिंगमध्ये पाहिलं, तर अपडेट काहीच बाकी नव्हतं; पाटी खोटीच होती. लगेच वंशावळ पेनड्राइव्हवर उतरवली.

जीव अडकला की माणूस विचारायचंच विसरतो, राव. तुमचा जीव कशात अडकलाय, अन् त्याची दुसरी प्रत आहे का? लवकर लिहा, वाट बघतोय.