अकरा वर्षे न भरलेली टाकी

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, चंदगड तालुक्यात माझ्या बहिणीच्या घरामागचे तुळशीवृंदावन चार माणसांनी जागेवरून हलवले. त्याखाली सेप्टिक टँकचे झाकण होते.

चौघांत मी होतो. मी वर्तमानपत्रात बातम्या लिहितो, पण पुढचा मजकूर ऐकीव नाही. बाकीचे तिघे म्हणजे माझे दाजी, त्यांचा गडी आणि मैला उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. गाडी गडहिंग्लजहून मागवली होती. घराला लागून दाजींनी पाहुण्यांसाठी दोन कॉटेज बांधली आहेत. पुण्या-बेळगावची मंडळी तिथे धुके बघायला येतात आणि मोबाईलला रेंज नाही म्हणून तक्रार करतात. आदल्या दिवशी एका कॉटेजच्या संडासातले पाणी खाली जायचे बंद झाले होते. दुपारी चार वाजता अकरा जण येणार होते.

घरात भाचीही होती. अक्काची ही मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आठवा महिना लागला होता. आल्यापासून तिला दोनदा जुलाब झाले होते. पहिल्या वेळी आंब्याला जबाबदार धरण्यात आले, दुसऱ्या वेळी फणसाला. तिसरी वेळ आलीच, तर दोष द्यायला हंगामातले फळ उरले नव्हते. पोरीला पुन्हा त्रास झाला तर काय, एवढी एकच काळजी अक्काला होती.

झाकणावर वृंदावन ठेवण्यामागे विचार होता. सहा वर्षांपूर्वी कॉटेज झाली, तेव्हा अंगणात सिमेंटचे झाकण दिसणे बरे नाही, असे दाजींचे मत पडले. टाकी उघडण्याची वेळ येणारच नव्हती. बांधतानाच गवंड्याने तिचा तळ सोडला होता. म्हणजे खाली काँक्रीट न घालता जांभ्यावरच भिंती उचलल्या होत्या. पाणी मुरून जाते, उपशाचा खर्च वाचतो. आमच्या भागात याला गवंड्याची हुशारी म्हणतात आणि असा गवंडी दुसऱ्याला सुचवतात. "आमची टाकी अकरा वर्षं झाली, भरलेली न्हाय," हे दाजी नव्या पाहुण्याला घराण्याची माहिती द्यावी तसे सांगत. अक्का सहा वर्षे रोज संध्याकाळी तिथे दिवा लावून हात जोडत होती.

"मालक," ड्रायव्हर म्हणाला, "झाकनावर फरशी बसवल्याली बघितलीया. एकानं तर वर सैपाकघर बांधल्यालं. तुळस पयल्यांदाच बघतोय."

"शोभा येती की," दाजी म्हणाले.

झाकण उघडल्यावर अर्धा तास कोणी जवळ जायचे नाही, असा ड्रायव्हरचा नियम होता. दाजी पाचव्या मिनिटाला वाकून बघायला गेले.

"मागं सरा. वाकून बघनारा आत जातोय, आनि त्याला काढाय गेल्यालाबी तितंच ऱ्हातोय."

दाजी मागे सरले. अर्ध्या तासाने ड्रायव्हरने लांब बांबू आत सोडला, तळाला टेकवला आणि वर काढला. शेंड्याला वीतभर ओल होती. त्याने बांबू पुन्हा सोडला, दुसऱ्या कोपऱ्यात. पुन्हा वीतभर.

"मालक, ह्यात काय न्हाईच की."

दाजींनी माझ्याकडे वळून पाहिले. "ऐकलासा न्हवं, पावणं? मी काय सांगत हुतो?"

"संडास किती हायती तुमचं?" ड्रायव्हरने विचारले.

"सा. घरचं दोन, कॉटेजचं चार."

"मग अकरा वर्साचं गेलं कुठं सगळं?"

अंगण उताराचे आहे. उताराच्या खालच्या टोकाला, टाकीपासून माझ्या बावीस पावलांवर, विहीर आहे. दाजी सोडून सर्वांनी तिकडे पाहिले. मागच्या दारात उभ्या असलेल्या अक्कानेही पाहिले.

विहिरीवर पाटी आहे, 'डोंगराचे नैसर्गिक पाणी'. हे पाणी कॉटेजमध्ये तांब्याच्या जगातून दिले जाते. अभिप्रायाच्या वहीत एका कुटुंबाने लिहिले आहे की, असे पाणी आम्ही आजवर कुठेच प्यायलो नाही. या विधानावर शंका घेण्याचे कारण त्या दिवसानंतर उरले नाही.

संडास तुंबण्याचे कारण वेगळेच निघाले. ड्रायव्हरने कॉटेजच्या पाइपात लोखंडी सळी घातली आणि वळणावर अडकलेले लहान मुलाचे तीन डायपर बाहेर काढले. पाणी सुरू झाले. टाकीतला वीतभर गाळ त्याने उपसून घेतला आणि गाडी गेली. दाजींच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते.

"पानी तपासाय द्या," अक्का म्हणाली.

"अकरा वर्सं पितोय. मला काय झालंय?"

"तुमास्नी काय हुतंय? तुमी पोटुशी न्हाय."

"अगं, पान्यासाठी लोकं येत्यात हितं. उद्या कुनी इचारलं तर काय सांगू?"

"सांगा की, आमची टाकी भरत न्हाय म्हणून."

भाची आतल्या खोलीत होती. ती हसल्याचे बाहेर ऐकू आले. दाजी स्वतःच्या गाडीचे टायर बघायला निघून गेले.

अक्काने त्याच दुपारी कॉटेजमधले जग रिकामे केले, मोठ्या पातेल्यात पाणी वीस मिनिटे उकळले आणि गार करून पुन्हा भरले. भाचीसाठी वेगळी कळशी ठेवली आणि तिला हात लावायचा नाही, असे घरात सर्वांना बजावले. चार वाजता अकरा जण आले. दाजींनी त्यांना पाण्याचा महिमा नेहमीप्रमाणे सांगितला. टाकीचा उल्लेख त्यांनी टाळला. माझ्या माहितीप्रमाणे असे पहिल्यांदाच घडले. एका पाहुण्याने पाणी पिऊन, नैसर्गिक ते नैसर्गिकच, असे मत दिले.

सोमवारी मी शीतपेयाच्या बाटलीत पाणी घेऊन तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने बाटली परत केली, स्वतःकडची निर्जंतुक बाटली दिली आणि बातम्या लिहिणाऱ्यांना एवढे माहीत असायला हवे, असे म्हटले. मंगळवारी पुन्हा गेलो. आठ दिवसांनी अहवाल आला. त्यावर 'पिण्यास अयोग्य' असा शिक्का होता.

दाजींनी अहवाल दोनदा वाचला. पावण्याचा, म्हणजे माझा, हात बाटलीला लागला असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसरा नमुना त्यांनी स्वतः घेतला, आंघोळ करून, नवे धोतर नेसून. शिक्का तोच आला. या वेळी बाटलीला हात त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी चंदगडच्या बाजारातून पाण्याचे चार जार आले.

भाचीला तिसऱ्यांदा जुलाब झाले नाहीत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिला मुलगी झाली. बाळाच्या पहिल्या आंघोळीचे पाणीसुद्धा अक्काने जारमधले वापरले. "सोन्याचं पानी वतालीस," असे दाजी म्हणाले. पाऊस असेपर्यंत खोदाई करता येत नव्हती. डिसेंबरमध्ये जुनी टाकी मुरमाने बुजवण्यात आली. नवी टाकी विहिरीपासून बरीच लांब, तिच्यापेक्षा खालच्या अंगाला बांधली. तिला तीन कप्पे आहेत आणि तळाला काँक्रीट आहे. ते काम त्याच गवंड्याने केले. झाकणावर काही ठेवलेले नाही. वृंदावन पुढच्या अंगणात नेले.

विहिरीचा गाळ काढून तीन वेळा उपसा केला. पाटी तूर्त गोठ्यात उलटी ठेवलेली आहे. पाण्याचा तिसरा नमुना गेल्या मंगळवारी अक्का स्वतः प्रयोगशाळेत देऊन आली. अहवाल अद्याप आलेला नाही.