येळवस ते येळवस, बिनभाड्याने

पैसे खर्च केले की पावती मिळते. वाचवले की किस्सा मिळतो. गेल्या वर्षभरात आमच्या तिघींकडे पावत्या फार थोड्या जमल्या. किस्से मात्र इतके झाले, की भालकीत कोणाच्याही घरी गेले तरी पुढ्यातला चहा निवतो आणि सांगणे संपत नाही. शिवाय लोक ते क्रम चुकवून सांगू लागले आहेत. क्रम चुकलेला मला वर्गातही चालत नसे. म्हणून आता मीच सांगते.

तिघी म्हणजे मी, सुशीलाबाई आणि गंगाक्का. मी शाळेत मराठी शिकवीत असे, सुशीलाबाई विज्ञान. त्यांचे यजमान गेले, मुलगा पुण्याला गेला, आणि दारात एक जुनी जीप तेवढी राहिली. ती त्या स्वतः चालवतात, आणि उत्तम चालवतात. गंगाक्कांनी जन्मभर किराणा दुकान सांभाळले. त्या कन्नडमध्ये भाव विचारतात, मराठीत घासाघीस करतात आणि दखनीत उठून जातात.

पूर्वी आम्ही दरवर्षी फिरायला जात असू. पुढे लॉजचे दर असे चढले, की प्रवासापेक्षा झोपच महाग पडू लागली. फिरणे बंद झाले. त्या सुमारास सुशीलाबाई एकदा सहज म्हणाल्या, "बाई, काल दिसभर मी दूधवाला सोडून कुणाशीच बोलले न्हाई." हे वाक्य माझ्या मनातून जाईना.

त्याच वेळी गंगाक्कांचे थोरले बंधू शिवराजअण्णा यांनी आमच्या जिल्ह्यातल्या कोळारला एका गोदामामागे पडून असलेला डबा भंगाराच्या भावात घेतला. डबा म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढायची पत्र्याची खोली: आत निजायला तीन फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी. कोणा हौशी माणसाने तो घेतला होता आणि हौस फिटल्यावर टाकून दिला होता. अण्णांना त्याची मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला चहाची टपरी करायची होती. आम्हांला त्यातून फिरायचे होते.

अण्णांच्या रानात येळवशीचे जेवण चालू होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे गाव ओस पडते आणि रान भरते. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव पुजतात, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील रांधतात, आणि वाटेने जाणाऱ्या परक्यालाही जेवल्यावाचून सोडत नाहीत. गंगाक्कांनी हात धुता धुता विषय काढला.

"अण्णा, डबा आमाला द्या."

"कामून? त्यात झोपताव? एक डास चावला की लॉजला पळताव तुमी."

"न्हाई पळत."

"मग ऐका. ह्या येळवशीपासून फुडच्या येळवशीपर्यंत, राहायच्या जागेला एक रुपया जरी दिलाव, डबा माझा. न्हाई दिलाव, तर तुमचा."

"अहो, सख्ख्या बहिणीला अशी अट?" मी विचारले.

"बाई, धंद्यात बहीण न्हाई आन् भाऊ न्हाई. जागा वापरली की भाडं."

हे वाक्य मी लक्षात ठेवले.

\* \* \*

पहिल्याच सहलीत बसवकल्याणच्या वाटेवर चढ लागला आणि जीप धापा टाकू लागली. सुशीलाबाईंनी गाडी थांबवली.

"सामानात कायतरी जड हाय. कोण काय घेतलंय?"

मी तपासणी घेतली. गंगाक्कांच्या अंथरुणाखाली पाटा-वरवंटा निघाला.

"मिक्सरला वीज लागतीय," गंगाक्का म्हणाल्या. "विजेला पैसे लागतेत."

"आन् ह्या दगडाला वढायला डिझेल लागत न्हाई व्हय?"

निवाडा मी केला. पाटा वाटेतल्या एका ओळखीच्या घरी ठेवला. वरवंटाही तिथेच ठेवला, असा माझा समज होता.

संध्याकाळी एका उताराच्या जागी आम्ही जीप सोडवली, आणि डबा आपला आपण निघाला. मी ओरडले. सुशीलाबाई पुढे धावल्या. गंगाक्का मात्र शांतपणे आत वाकल्या, साडीच्या घड्यांतून वरवंटा काढला आणि चाकाखाली सरकवला. डबा थांबला.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "किती डिझेल खाल्लं ह्यानं?"

पुढे वर्षभर तो वरवंटा रात्री चाकाला आणि सकाळी मिळेल त्या सपाट दगडावर शेंगांच्या चटणीला, अशी दोन्ही कामे करीत राहिला. मध्ये तो धुतला जातो की नाही, हे मी जातीने पाहत असे.

\* \* \*

औरादकडच्या एका गावी मुक्कामाला जागा मिळेना. शेवटी शाळेचे पटांगण दिसले. मुख्याध्यापक बाहेर आले आणि मला पाहताच त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. माझा जुना विद्यार्थी. छडीची आठवण हातांना राहते.

"बाई, तुमी? राहा की. भाडं काय घ्यायचं तुमच्याकडून. पण सातवीला मराठीला मास्तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मराठीचा तास घेतला आणि सुशीलाबाईंनी विज्ञानाचा. मुले खूश झाली. गंगाक्का झाडाखाली बसून कंटाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मलाबी एक तास द्या. मी हिशेब शिकवते."

त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. खडूला हात लावला नाही.

"शेंगदाणे किलोला साठ रुपये. तर पावशेर कितीला?"

"पंधरा!" वर्ग ओरडला.

"न्हाई. सोळा."

पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, "अक्का, साठाला चारानं भागलं की पंधराच येतेत."

"येतेत की. पण पावशेर घेणाऱ्याला पंधराला कोण देतंय, माय?"

निघताना मुख्याध्यापकांनी मला हळूच विचारले, "बाई, त्या अक्का फुडच्या महिन्यात येतेत का?" माझ्याविषयी त्यांनी काही विचारले नाही.

\* \* \*

कलबुर्गीकडच्या एका गावात मठाच्या आवारात डबा लावला. सकाळी निरोप आला: प्रसाद घेऊन जावा. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे दासोह, म्हणजे फुकट जेवण असते. मी मनात म्हटले, आज शेगडीही वाचली.

पण गंगाक्का लिंगायत शरणांच्या घराण्यातल्या. त्यांनी पदर खोचला.

"आधी कायक, मग दासोह. काम न करता पंगतीला बसायचं न्हाई."

"पण त्यांनी बोलावले आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच."

मग मी वांगी चिरली. वांग्यांचा ढीग माझ्या गुडघ्याएवढा होता. सुशीलाबाईंनी काकड्यांच्या चकत्या केल्या; त्या इतक्या पातळ, की प्रयोगशाळेत काचेवर ठेवाव्यात. गंगाक्का थेट चुलीपाशी गेल्या आणि तिथल्या आचाऱ्याला मिठाविषयी सूचना देऊ लागल्या. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. आम्हांला तिसऱ्या पंगतीत पान मिळाले. इतकी चविष्ट वांगी मी आयुष्यात खाल्लेली नाहीत, कारण इतकी भूकही मला आयुष्यात लागलेली नव्हती.

निघताना आचाऱ्याने कडक भाकरींची चळत फडक्यात बांधून दिली. ती पुढच्या सहलीपर्यंत पुरली. वर तो मला म्हणाला, "अक्का, उद्या जरा लौकर या. उद्या भोपळा हाय."

\* \* \*

पैज जवळजवळ हरलो तो प्रसंग उन्हाळ्यातला. कलबुर्गीचा उन्हाळा आणि पत्र्याचा डबा! दुपारी आत पाऊल ठेवले की भाकरीला तव्यावर काय वाटत असेल ते कळे. दारावर ओले गोणपाट टांगले, ते पाहता पाहता वाळले. सुशीलाबाईंचे डोके दुखू लागले, चेहरा उतरला. तेव्हा मीच म्हणाले, "पैज गेली तरी चालेल. समोर लॉज आहे, एक खोली घेऊ."

सुशीलाबाईंनी डोळे उघडले. "डबा जाईल, बाई."

"जाऊ दे."

"मग मी परत दूधवाल्याशीच बोलू व्हय?"

गंगाक्का उठल्या. "मी खोलीचा भाव तर काढून येते," म्हणाल्या, आणि हातात एक पिशवी घेऊन गेल्या.

बराच वेळ गेला. मी सुशीलाबाईंच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवीत बसले. शेवटी गंगाक्का रस्ता ओलांडून येताना दिसल्या. पिशवी रिकामी होती.

"घेतली का खोली?" मी विचारले.

"न्हाई. लॉजवाल्यानंच पापड्या घेतल्या."

"कसल्या पापड्या?"

"ज्वारीच्या. दोन दिस झालं डब्याच्या छपरावर वाळत घातल्या होत्या, तुमाला कुठं दिसतंय वर? खाली त्याची खानावळ हाय. असल्या कडक पापड्या शहरात मिळत न्हाईत म्हणला तो. मी म्हणले, अजून देते, पण आमच्या बाईला ऊन लागलंय. तर म्हणला, खानावळीत कूलर हाय, ऊन उतरस्तोर बसा. जेवणाच्या जागेला भाडं नसतंय."

सुशीलाबाई कूलरसमोर बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या हसू लागल्या. मालकाने त्यांना लिंबाचे सरबत दिले आणि गंगाक्कांना आणखी पापड्यांची मागणी.

\* \* \*

पुढची येळवस आली. आदल्या दिवशीच आम्ही अण्णांच्या रानात डबा नेऊन लावला. "या, या," असे ते फोनवर इतक्या गोडीने म्हणाले होते, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सकाळी अण्णा पूजेचे धोतर नेसून आले. काखेत पत्र्याची नवी रंगवलेली पाटी: 'शिवराज टी सेंटर'.

"बाई, माझ्या रानात डबा लावलाव न्हाई का? जागा वापरली की भाडं. काढा."

भाडे दिले तर डबा गेला. न द्यावे तर ज्याची जागा तोच मागत होता. सुशीलाबाई जीपच्या दाराला धरून उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली. शेजारच्या रानातल्या बायाही काम थांबवून पाहू लागल्या.

गंगाक्का कोपीपाशी उभ्या राहिल्या. "अण्णा, आज काय हाय?"

"येळवस."

"येळवशीला रानात आलेल्याला आपल्या अप्पानं कधी काय मागितलं व्हतं?"

अण्णांनी कोपीतल्या पांडवांकडे पाहिले. मग शेजारच्या बायांकडे पाहिले. पाटी बांधावर टेकवली.

"जेवायला बसा," ते म्हणाले. पाने मांडता मांडता पुढे म्हणाले, "डबा तुमचा."

सुशीलाबाईंनी त्या दिवशी अण्णांना स्वतःच्या हाताने आंबील वाढली. एकदा नव्हे, मडके तळाला जाईपर्यंत. हिवाळ्याचे ऊन, भरलेले पोट. अण्णा म्हणाले, "बघू तरी, आत कसं वाटतंय ते." आत जाऊन फळीवर आडवे झाले. त्यांचे घोरणे बांधापर्यंत ऐकू येत होते.

ऊन कलल्यावर ते डोळे चोळत दारात आले. पायरीवर गंगाक्का बसल्या होत्या, तळहात पुढे करून.

"भाडं."

"कसलं भाडं?"

"डबा आमचा. झोपलाव तुमी."

"अगं, आज येळवस हाय की!"

"येळवस रानाला. डब्याला न्हाई."

"सख्ख्या भावाकडून भाडं घेतीस व्हय, गंगा?"

तेव्हा मी पुढे झाले आणि म्हणाले, "अण्णा, धंद्यात बहीण नाही आणि भाऊ नाही. जागा वापरली की भाडे."

अण्णांनी कंबर चाचपली. पूजेच्या धोतराला खिसा नसतो.

"पैसे घरी राहिले," ते म्हणाले.

"मग पाटी ठेवून जावा."

सुशीलाबाईंनी पाटी आधीच उचलली होती. डब्याच्या दारावर तार बांधून त्या ती टांगत होत्या. सरळ आहे की नाही, हे मी लांबून पाहून सांगितले.

"ठेवून घेतलाव ते घेतलाव," अण्णा म्हणाले, "पण टांगायलाव कामून?"

"बसा," गंगाक्का म्हणाल्या. "चहा ठेवलाय. त्याचे पैसे वेगळे."